सोलरसाठी मदत हवी आहे: गच्ची एक, मीटर दोन, आणि मिरच्या वाळवायच्या त्या वेगळ्याच (इंदूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लेही अर्धवट येतील.

इंदुरात रामबागेकडे आमचं जुनं घर आहे. खाली चक्की आणि मसाला कांडप, वर आम्ही राहतो. खालचं मीटर माझ्या नावावर, व्यावसायिक, मंजूर लोड ८ किलोवॅट. वरचं सासऱ्यांच्या नावावर, घरगुती, ३ किलोवॅट. गच्ची मात्र एकच, साधारण ८०० चौरस फूट. पाण्याची टाकी आणि जिन्यावरची खोली सोडली तर साडेपाचशे उरते.

फेब्रुवारी ते मे आमचा हंगाम. खालचं मीटर तेव्हा महिन्याला ७००-८०० युनिट दाखवतं, पावसाळ्यात ३५०. वर कूलर सुरू झाला की २५०, एरवी १४०च्या आसपास.

सोलरचं डोक्यात आलं ते समोरच्या सरकारी शाळेमुळे. वर्षभरापूर्वी तिच्या छतावर पॅनेल चढले. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, शाळेचा एक पैसा गेला नाही. कंपनीने स्वतःच्या खर्चाने बसवलं आणि शाळा युनिटमागे ठरलेला भाव देते. मला वाटलं, वा, मग आपणही असंच करू. चार ठिकाणी फोन केले. ५ किलोवॅट म्हटलं की समोरचा फोनवरच हसायचा.

सासरे तर माझ्याहून उतावळे. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसायचा खर्च आटोक्यात यावा म्हणून महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड (म्हणजे कर्जरोखे) काढले ना, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: शहराचं पाणी उन्हावर चढणार, मग आपल्या चक्कीने काय घोडं मारलंय?

तर खरा घोळ असा. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती मीटरला सबसिडी आहे: पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. चक्कीच्या मीटरला यातला छदाम नाही. पण युनिटचा भाव तर खालीच जास्त! घरच्यांचं म्हणणं, फुकटचे ७८,००० सोडायचे कशाला, वरच्या मीटरवरच बसवू. एका एजंटने तर गुपचूप तोडगाही सुचवला: "सबसिडी घरावर घ्या, एक तार खाली चक्कीला टाका, कोण बघतंय?" मला ते काही पटलं नाही.

वरून तिसरं लचांड: उन्हाळ्यात त्याच गच्चीवर आमच्या मिरच्या, धने, कुरडया वाळतात. एवढ्या जागेत दोन्ही मीटरचे पॅनेल मावायचे नाहीत. मग कोणत्या मीटरवर बसवू? आणि मिरच्यांचं काय करू? ज्यांनी छोट्या धंद्यासाठी बसवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त लाइनमन:
ताई, तो एजंट पुन्हा आला तर चहासुद्धा देऊ नका. घरगुती जोडणीवर धंदा चालवणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो. आकारणी दुप्पट दराने, आणि कधीपासून चालू होतं ते ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरतात. अशी प्रकरणं नोकरीत पाहिलीत.

आता तुमचेच आकडे बघा. एरवी वर १४० युनिट म्हणता. दीडशेच्या आत असलात तर गृह ज्योतीत (राज्य सरकारची वीजबिल सवलत योजना) पहिली १०० युनिटं १०० रुपयांत पडतात. म्हणजे कूलरचे महिने सोडले तर ते बिल मुळातच किरकोळ आहे. सबसिडी घेऊन तुम्ही जवळजवळ फुकटची वीज वाचवणार, आणि महागडी खाली तशीच जळणार. शिवाय तुमची चक्की भर उन्हात चालते, हंगामही नेमका कडक उन्हाचा. सोलरला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही.

१० किलोवॅटपर्यंतच्या सोलरचा अर्ज पूर्ण असेल तर तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. कोणी अडवलं तर तो दाखवा. आणि बॅटरी नसलेलं सोलर मंडळाची वीज गेली की तेही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून ती सोय आहे. नंतर "ऊन असून चक्की का बंद?" म्हणू नका.

बडोद्याचा छापखाना:
शाळेचं गणित वेगळं असतं. सरकारी इमारती एकत्र बांधून निविदा निघते, करार पंचवीसेक वर्षांचा. कंपनीला एका ठिकाणी मोठं छत आणि न बुडणारं गिऱ्हाईक मिळतं. तुमच्यामाझ्या ५ किलोवॅटसाठी कोण धावणार? मी कर्ज काढून स्वतःचंच बसवलं. इकडे गुजरातेत २०२१ च्या सौर धोरणाने सोलरवरची मंजूर लोडच्या ५० टक्क्यांची मर्यादा काढली, म्हणून मला जरा मोठं घेता आलं.

किलोवॅटला १०० चौरस फूट धरा, दिवसाला सरासरी ४ युनिटं. आठ फुटी उंच स्ट्रक्चर करून खाली मिरच्या वाळवू असं कोणी सांगेल; ऐकू नका. खाली सावलीच असते, मिरची काळी पडेल. एक पट्टा मोकळाच ठेवा. आणि चक्कीचा धुरळा काचेवर बसणारच. पिठाची भुकटी दवात भिजली की खळ होते, नुसत्या झाडूने निघत नाही. पाण्याचा नळ गच्चीवर आधी घ्या, पॅनेल नंतर. पहाटेच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

हिशेबनीस:
सगळे सांगतील की धंद्याला सबसिडी नसली तरी ४० टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून वजावट) मिळतो. खरं आहे, पण ताईंनी रिटर्न अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून) भरलं असेल तर घसारा वेगळा मिळत नाही, त्यातच धरलेला असतो. जीएसटीतही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक कराची योजना) असाल तर भरलेल्या कराचं क्रेडिट नाही. वह्या नियमित असतील तर ३ ऑक्टोबरच्या आत सुरू करा. पहिल्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला की त्या वर्षी निम्माच घसारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. कोटेशन जुन्या दराचं नाही ना, ते बघून घ्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. लाइनमन काका, वरच्या बिलाकडे मी या नजरेने पाहिलंच नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ७८,००० सुटले म्हणून थोडे हळहळले, मग स्वतःच टेप घेऊन गच्चीवर गेले. हिशेबनीस, आमचं रिटर्न अनुमानितच असतं, म्हणजे घसाऱ्याचं गाजर गेलं. तरी खालच्या मीटरवर ४ किलोवॅट करावं असं ठरतंय. दीडशे फूट मिरच्यांना.

आता नवीनच शंका. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर सळया सोडून ठेवल्यात, वर मजला चढवायचा बेत दिसतोय. तो चढला तर हिवाळ्यात सावली थेट आमच्यावर. त्यांना आधी विचारून घेऊ, की आमचं बसवून मोकळी होऊ?