शब्दचर्चा : ‘टू-टिअर पोलिसिंग’ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम

एका साप्ताहिकासाठी ब्रिटिश पोलिसांवर लिहितेय आणि गाडी पहिल्याच ओळीत अडली आहे. शब्द आहे ‘टू-टिअर पोलिसिंग’.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुलै २०२४ च्या शेवटी साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर कोण, यावरून खोट्या बातम्या पसरल्या आणि नंतरचे काही दिवस इंग्लंडमध्ये गावोगावी दंगली झाल्या. तेव्हापासून हा शब्द तिकडे उठता-बसता ऐकू येतो. आरोप असा, की पोलीस एका बाजूच्या मोर्चाला गोंजारतात आणि दुसऱ्या बाजूला झोडपतात. पंतप्रधान स्टार्मर यांच्या पहिल्या नावाशी यमक जुळवून ‘टू-टिअर कीअर’ असं नावही पडलं. ५ ऑगस्टला लंडनचे पोलीस आयुक्त मार्क राउली यांना एका पत्रकाराने यावर विचारलं, तर त्यांनी त्याचा माइकच हाताने बाजूला सारला.

मी लिहिलं, ‘द्विस्तरीय पोलीस व्यवस्था’. घरी वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, “म्हणजे जिल्ह्याचे वेगळे आणि तालुक्याचे वेगळे का?” जन्म गेला त्रिस्तरीय पंचायत राज ऐकण्यात, त्यांचं तरी काय चुकलं! सुचवा काहीतरी.

काथ्याकूट

दुजाभाव. झालं काम. पुढचा धागा काढा.

टेम्सकाठची

इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. दुजाभाव मनातला असतो, इथे आरोप वागणुकीचा आहे. ‘सापत्न वागणूक’ जवळचं वाटतं, पण त्यात एकाचंच रडगाणं येतं. सावत्र लेकरू कोण ते कळतं, लाडकं कोण ते दिसत नाही. ‘टू-टिअर’मध्ये दोन्ही एका वेळी दिसावे लागतात.

आणखी एक. लंडनमध्ये राहून माझ्या लक्षात आलेली गोष्ट म्हणजे शब्द आज उजव्यांच्या तोंडी असला, तरी तक्रार नवी नाही. कृष्णवर्णीय लंडनकर हेच पन्नास वर्षं सांगताहेत, फक्त उलट्या बाजूने. १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्यातलं एक कलम वापरून निव्वळ संशयावरून पोरं उचलायचे, त्याला लोक ‘सस’ म्हणायचे. ते कलम १९८१ मध्ये गेलं, पण रस्त्यात अडवून अंगझडती घेणं राहिलंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये कृष्णवर्णीयाची झडती होण्याचं प्रमाण गोऱ्याच्या साधारण चौपट आहे. म्हणून असा शब्द शोधा जो दोन्ही तक्रारदारांना वापरता येईल.

जुना बाजार

पंक्तिप्रपंच.

एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी यजमानाच्या व्याह्याला तुपाची धार आणि कोपऱ्यातल्याला नुसतं वरण. पंगत एक, वाढपी एक, पदार्थ तेच, फक्त हात कुठे सैल सुटतो आणि कुठे आखडतो एवढाच फरक. ‘वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा’ म्हणतात ते उगाच नाही. तुमच्या टू-टिअरमध्ये कायदा एकच आहे आणि तो वाढणारा हात वेगवेगळा, असंच ना?

अर्धविराम

अहाहा! घेतला.

वकिली बाणा

थांबा, घाईने घेऊ नका. शब्द छान आहे, माझी हरकत वेगळीच आहे. पंक्तिप्रपंच म्हटलं की वाढप्याचा डाव आला. तो पाहून सवरून, माणूस ओळखून वाढतो. पक्षपाताचंही तेच. मराठीत पक्षपात ‘होत’ नाही, कोणीतरी तो ‘करतं’. इंग्रजीतला ‘बायस’ तसा नाही. त्यांच्याकडे हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचा ‘बोल्स’ नावाचा जुना खेळ आहे. त्यातला गोळा मुद्दाम एका अंगाने वेगळा घडवलेला असतो, त्यामुळे तो कितीही सरळ टाकला तरी वळतोच. त्या वळणाच्या गुणाला ‘बायस’ म्हणतात. टाकणाऱ्याचा हात स्वच्छ असला तरी गोळा कलतो.

त्यांच्या कोर्टातलं उदाहरण देतो, ते ऐकल्यावर फरक नीट बसेल. ससेक्समध्ये एका मोटारसायकलस्वाराला धोकादायक वाहन चालवल्याबद्दल शिक्षा झाली. दंडाधिकारी निर्णयासाठी आत गेले, त्यांच्याबरोबर त्यांचा कायदेशीर कारकूनही गेला. नंतर कळलं की याच अपघातातल्या दुसऱ्या पक्षाची भरपाईची बाजू त्या कारकुनाचीच वकिली पेढी लढवत होती. आता मजा बघा : आत त्याने एक शब्दही काढला नव्हता, दंडाधिकाऱ्यांनी त्याला काही विचारलंही नव्हतं. म्हणजे आपल्या अर्थाने पक्षपात शून्य. तरी वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन चालत नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, हे लॉर्ड हेवर्ट यांचं वाक्य याच निकालातलं. निकाल १९२४ चा म्हणून ओळखला जातो. वाक्य आपल्याकडे प्रत्येक सत्कार समारंभात येतं, बिचारा मोटारसायकलवाला कोणाला आठवत नाही.

चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या प्रकरणात तर खुद्द तिकडच्या सर्वोच्च पीठाचा निकाल असाच गेला. निकाल देणाऱ्यांपैकी लॉर्ड हॉफमन यांचा अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेशी संबंधित संस्थेशी संबंध होता आणि अ‍ॅम्नेस्टी त्या खटल्यात बाजू मांडत होती. ‘त्यांनी पक्षपात केला’ असं कोणी म्हटलं नाही. संबंध उघड केला नव्हता, एवढंच पुरलं.

म्हणून ‘बायस’ दिसला की सरसकट ‘पक्षपात’ लिहू नका. कल लिहा, पूर्वग्रह लिहा, वाक्य बघून ठरवा.

काथ्याकूट

पूर्वग्रह तर डोक्यात असतो. गोळ्याला कुठलं डोकं?

जुना बाजार

मग पासंग.

आमचं किराणा दुकान होतं, तेव्हाचा दोन पारड्यांचा काटा अजून माळ्यावर आहे. सकाळी दुकान उघडलं की आजोबा पहिल्यांदा रिकामा काटा उचलून बघायचे. साखळ्यांना तेल-मिठाची पुटं चढून एक पारडं जरा खाली यायचं. मग दुसऱ्या बाजूच्या साखळीला एक छोटा खडा चिंधीत बांधून लटकवायचे. तो पासंग. ‘याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो त्यातला. फारसी शब्द आहे, ‘संग’ म्हणजे दगड. पण दुकानदारीत हाच शब्द उलटाही वापरतात : ‘काट्यात पासंग आहे’ म्हणजे काटाच मुळात कलता आहे. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणारा वाणी लबाड. ज्याच्या काट्यात पासंग आहे तो मात्र लबाड असेलच असं नाही, त्याने सकाळी काटा उचलून बघितला नाही इतकंच. गिऱ्हाइकाचं नुकसान दोन्हीकडे सारखंच.

टेम्सकाठची

जुना बाजार, दंडवत! तुम्ही नकळत मॅकफर्सन अहवाल मराठीत आणलात.

स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. २२ एप्रिल १९९३ ला आग्नेय लंडनमध्ये एल्थमला बसची वाट बघताना गोऱ्या टोळक्याने त्याला भोसकलं. तपासाचे तीन तेरा वाजले. दोघांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९९ मध्ये, मॅकफर्सन यांचा चौकशी अहवाल आला आणि लंडनच्या पोलिसांना त्याने ‘इन्स्टिट्यूशनली रेसिस्ट’ म्हटलं. आपल्या वर्तमानपत्रांत हे ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ होऊन येतं, आणि घोळ तिथेच आहे. द्वेष करायला माणूस लागतो, दात-ओठ लागतात. मॅकफर्सन यांच्या व्याख्येत तर नकळत असलेला पूर्वग्रह, अज्ञान, अविचार, ठोकळेबाज समजुती असे शब्द आहेत. संस्था म्हणून आलेलं सामूहिक अपयश. काटा उचलून न बघणं!

गंमत म्हणजे १८ वर्षं आधी, लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या दंगलींनंतर, त्यांची चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कारमन यांनी ब्रिटनमध्ये असा संस्थात्मक वंशवाद नाही असं लिहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे जाणूनबुजून, धोरण म्हणून केलेला भेद होता. मॅकफर्सन नकळत होणाऱ्याबद्दल बोलत होते. म्हणजे शब्द एक, पण एकजण चिंचेचा गोळा शोधत होता आणि दुसरा पासंग.

आणि ताजा अंक मार्च २०२३ चा. लुईझ केसी यांच्या अहवालाने लंडन पोलिसांवर पुन्हा तोच शिक्का मारला, शिवाय स्त्रीद्वेष आणि समलैंगिकांबद्दलचा द्वेष हेही त्याच विशेषणाने जोडले. राउली यांनी निष्कर्ष स्वीकारले पण ‘संस्थात्मक’ हा शब्द उच्चारायला नकार दिला. म्हणे तो राजकीय झालाय आणि संदिग्ध आहे. एका शब्दावर एवढा मोठा पोलीस आयुक्त अडून बसला, आपण तर नुसता धागा काढलाय.

वकिली बाणा

‘राजकीय’ आलंच आहे तर एक सांगतो. आपण ‘पोलिसांवर राजकीय दबाव’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतं ‘वरून फोन आला’. तिकडे गृहमंत्र्याने अमुक मोर्चा अडवा असा हुकूम द्यायचा नाही, असा संकेत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी फोन नाही केला, ‘द टाइम्स’मध्ये लेख लिहिला, की वरिष्ठ अधिकारी आंदोलकांमध्ये लाडके-दोडके करतात. पाच दिवसांनी त्यांचं मंत्रिपद गेलं. ‘राजकीय हस्तक्षेप’ हा शब्दप्रयोग या लेखाला लावायचा की नाही, ठरवा. मी लावेन.

आणि ‘निःपक्षपाती’च्या जागी ‘तटस्थ’ कृपया नको. तटस्थ म्हणजे काठावर उभा. न्यायाधीशाला एक वेळ चालेल, पोलिसाला पाण्यात उतरावंच लागतं. ब्रिटिशांनी एके काळी पोलिसांना खरोखरच काठावर ठेवलं होतं, १८८७ पर्यंत त्यांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्कच नव्हता.

अर्धविराम

लाडके-दोडके! तेही टिपून ठेवते. शपथेचं विचारते. त्यांच्या न्यायाधीशांच्या शपथेत ‘विदाउट फिअर ऑर फेवर, अफेक्शन ऑर इल विल’ आहे. त्याला?

वकिली बाणा

नव्याने करूच नका, तयार आहे. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शब्दशः तेच आलंय. मंत्रिमंडळाचा शपथविधी टीव्हीवर ऐकला असेल : ‘...ममत्वभाव किंवा आकस न बाळगता...’ आकस हा शब्द हल्ली फक्त त्या शपथेतच जिवंत आहे म्हणा. इल विलला इतका नेमका मराठी शब्द दुसरा नाही. द्वेष तापलेला असतो, आकस थंड असतो.

काथ्याकूट

तो प्रत्येक खात्यात फायलीखाली ठेवलेला सापडतो. (मला एका परवान्यासाठी सात महिने लागले. खात्याचं नाव घेत नाही.)

टेम्सकाठची

अर्धविराम, ‘ट्रस्ट’ला काय केलंस? कारण तिथेही लोक घसरतात. ‘पोलिसांची विश्वासार्हता घटली’ आणि ‘पोलिसांवरचा विश्वास घटला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. विश्वासार्हता पोलिसांची, विश्वास लोकांचा. पाहणीत लोकांना विचारून जे मोजतात तो विश्वास. पोलीस जसेच्या तसे राहूनही तो उडू शकतो, आणि कधी कधी नालायक असूनही टिकतो.

२०२४ च्या दंगलींबाबत नेमकं हेच झालं. संसदेच्या गृह खात्याच्या समितीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की पोलिसांनी दुजाभाव केल्याचा पुरावा नाही. तरी माझ्या शेजारची आजी, चाळीस वर्षं त्याच गल्लीत राहणारी, अजून कुंपणावरून मला सांगते, “लव्ह, देअर्ज वन रूल फॉर देम.” ‘देम’मध्ये मी येते की नाही हे मी विचारलेलं नाही. चहाला मात्र बोलावते.

७ ऑगस्टचा तो बुधवार आठवतो. आणखी मोर्चे निघणार अशी यादी फिरत होती. ऑफिसने दुपारीच घरी सोडलं, आमच्या मराठी ग्रुपवर ‘स्टेशनवरून एकटं येऊ नका’ असे निरोप. संध्याकाळी वॉल्थमस्टोला हजारो लोक जमले, ते सगळे दंगलखोरांच्या विरोधात. त्या रात्री मला पोलिसांचा भरवसा वाटला. विश्वास म्हणणार नाही, भरवसाच. विश्वास माणसावर असतो, भरवसा ‘वेळेला येतील’ याचा असतो. मॅकफर्सन यांच्या पहिल्या शिफारशीत ‘ट्रस्ट अँड कॉन्फिडन्स’ असे दोन शब्द जोडीने येतात. मी ‘विश्वास आणि भरवसा’ करेन.

काथ्याकूट

आणि न्यायालयांबद्दल ‘टू-टिअर जस्टिस’ म्हणतात त्याला?

वकिली बाणा

ते आणखी नाजूक आहे. २०२५ मध्ये तिकडच्या शिक्षा परिषदेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली : शिक्षा ठोठावण्याआधी आरोपीच्या परिस्थितीचा अहवाल कोणाच्या बाबतीत मागवणं सहसा गरजेचं, त्या यादीत वांशिक अल्पसंख्याकही होते. विरोधकांनी ‘दोन न्याय’ म्हणून रान उठवलं, न्यायमंत्री शबाना महमूद यांनीही विरोध केला आणि लागू होण्याच्या आदल्या दिवशी परिषदेने ती थांबवली. पुढे सरकारने त्याविरुद्ध कायदाच केला. परिषदेचं म्हणणं काय? शिक्षांच्या आकड्यांत आधीच तफावत दिसते. म्हणजे ती पासंग बांधायला निघाली होती, आणि बघणाऱ्यांना तो चिंचेचा गोळा दिसला. यात मी कोणाच्या बाजूचा ते सांगत नाही, पण दोघेही काट्याकडेच बोट दाखवत होते.

अर्धविराम

मजकूर दिला. ‘टू-टिअर पोलिसिंग’ला ‘पोलिसांचा पंक्तिप्रपंच’, आधी ‘कथित’ लावून. ‘इन्स्टिट्यूशनल’ला ‘संस्थेत मुरलेला’, आणि खाली एका वाक्यात जुना बाजार यांचा काटा. संपादकांनी पंक्तिप्रपंच काढून ‘दुटप्पी पोलीस’ केलं, म्हणे तरुण वाचकांना पंगत माहीत नाही, बुफे माहीत आहे. पासंग ठेवला, पण विचारलंय की तो पासंग की ते पासंग?

जुना बाजार

आमच्याकडे तो.

टेम्सकाठची

आमच्या आजोळी ते.