पिटॉन बंद करण्याचा निर्णय

गिर्यारोहण ही कारखानदाराची सुट्टीपुरती हौस असते, तिचा मालाशी संबंध नसतो, हे इथल्या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. पॅटागोनिया या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुनार्ड यांच्याबद्दल त्या चर्चेत लिहिले गेले ते केवळ त्या कपड्यांपुरते. ते मुळात लोहारकाम करणारे. १९५७ पासून ते खडकाच्या भेगेत ठोकून दोर अडकवायचे पोलादी खिळे, म्हणजे पिटॉन, घडवत होते आणि १९७० पर्यंत त्यांची तेव्हाची कंपनी अमेरिकेतील गिर्यारोहण साहित्याची सर्वांत मोठी पुरवठादार झाली होती. मात्र कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या एल कॅपिटन या कड्यावर वारंवार ठोकलेल्या आणि उपटलेल्या पिटॉनमुळे भेगा विद्रूप झालेल्या त्यांनी चढताना स्वतः पाहिल्या, आणि मुख्य धंदा असलेला तोच माल हळूहळू बंद करण्याचे ठरवले. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी हातोड्याविना भेगेत अडकवता येणारे ॲल्युमिनियमचे चोक (पाचरीसारखे तुकडे) पुढे केले, आणि काही महिन्यांतच पिटॉनची मागणी ओसरली.

मी फोर्जिंगच्या, म्हणजे धातू दाबून-ठोकून घडवण्याच्या, उत्पादन विभागात काम करतो. चालता माल थांबवायचा म्हटले की आमच्याकडे पहिला प्रश्न डायमध्ये (घडवण्याच्या साच्यांमध्ये) अडकलेल्या पैशाचा निघतो (आणि बहुधा तिथेच बैठक संपते). शुनार्ड यांच्या हाती पर्यायी माल तयार होता, हे त्यांच्या तत्त्वनिष्ठेइतकेच महत्त्वाचे मानायला हवे.