क्रूझवरचे जुने प्रवासी, नवे प्रवासी आणि बदलत्या सेवा: आपले अनुभव लिहा

धागाकर्तीचे निवेदन

वारंवार क्रूझने जाणाऱ्यांच्या बोलण्यात गेली काही वर्षे "आता पूर्वीसारखे राहिले नाही" ही तक्रार सतत येते; त्याच जहाजावर पहिल्यांदा पाऊल ठेवलेल्यांना विचारले, तर "इथे चांगले ते सगळे जुन्यांसाठीच राखून ठेवलेले आहे" असे ऐकायला मिळते. माझ्या चौदा सफरी झाल्या आहेत आणि दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर काढलेल्या रात्री मोजतात आणि त्यानुसार प्रवाशाला पायरी देतात. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या अशा सदस्य-कार्यक्रमात ८० गुण झाले की डायमंड, १७५ झाले की डायमंड प्लस आणि ७०० झाले की पिनॅकल, अशी चढण आहे; साधारणपणे एका रात्रीला एक गुण मिळतो, आणि सूट (मोठी, महागडी केबिन) घेतला किंवा केबिनमध्ये एकट्याने राहिले तर जास्त. पायरी वाढते तशा सवलतीही वाढतात: जहाजावर लवकर चढणे, काही मोफत पेये, वेगळे लाउंज, कुठे मोफत धुलाई. या सवलती प्रत्यक्षात कितपत पोचतात, त्यांची किंमत कोण मोजते आणि नव्या माणसाला त्या कशा दिसतात, याविषयी आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. आपली तक्रार असेल तर कंपनीचे नाव न घेता लिहावे.

एकोणीस वर्षे एकाच कंपनीने प्रवास करणारे

सुरुवात मीच करतो. आमच्या पायरीच्या सदस्यांसाठी वरच्या डेकवर एक लाउंज होते, तिथे जेमतेम साठ खुर्च्या होत्या. आम्ही प्रथम तिथे गेलो तेव्हा संध्याकाळी वीस-पंचवीस माणसे असत, सगळी एकमेकांना ओळखू लागत, आणि तिथला कर्मचारी तिसऱ्या दिवसापासून न विचारता पेला पुढे ठेवी. कोविडच्या साथीच्या काळात सफरी बंद पडल्या, त्या पुन्हा सुरू झाल्यावर प्रवासी परत यावेत म्हणून कंपनीने काही काळ दुप्पट गुण दिले. परिणाम असा झाला की दोन वर्षांनी आम्ही गेलो तेव्हा त्या एका सफरीवर आमच्या आणि वरच्या पायऱ्यांचे मिळून चारशेहून अधिक सदस्य होते. लाउंजच्या दाराशी एक तरुण मुलगी हातातल्या मोजणीयंत्राची कळ दाबत उभी होती. एक बाहेर आला की एक आत. माझ्यापुढे काठी घेतलेले एक गृहस्थ वीस मिनिटे उभे होते आणि ती मुलगी दर दोन मिनिटांनी त्यांची क्षमा मागत होती.

पुढच्या वर्षी कंपनीने मोफत पेये थेट प्रवाशाच्या कार्डावर जमा करायला सुरुवात केली, म्हणजे ती कोणत्याही बारमध्ये घेता येतात. हिशेबाने पाहिले तर हा निर्णय योग्यच होता, आणि रांगेत उभे राहण्याचा अपमान संपला हेही मान्य केले पाहिजे. मात्र त्या साठ खुर्च्यांमुळे जी ओळखपाळख होत असे ती कार्डावर जमा होत नाही, आणि मला चुकल्यासारखे वाटते ते तिचेच. फुकटच्या पेल्यांचे मला फारसे काही नाही.

पहिलीच सफर करून आलेली

मी वरचा अनुभव वाचला आणि मला दुसरी बाजू सांगावीशी वाटली. जहाजावर चढल्यावर फोनमधले अ‍ॅप उघडले, तर मोठ्या रंगमंचावरच्या दोन्ही प्रयोगांची नोंदणी भरलेली होती. ही नोंदणी सफरीच्या कितीतरी दिवस आधीच घरबसल्या करता येते, हे मला कुणी सांगितले नव्हते. कंपनीने पाठवलेल्या अनेक ईमेलांत ते कुठेतरी लिहिलेले होते, पण जाहिरातींच्या गर्दीत ते माझ्या नजरेतून निसटले. छापील दैनिक कार्यक्रमपत्रिका केबिनमध्ये येत असे, तीही आता मागितल्याशिवाय मिळत नाही. माझ्यासारखीला पहिले दोन दिवस आपण परीक्षेला उशिरा पोचलो आहोत असेच वाटत राहिले.

सुरक्षा कवायतीच्या बाबतीत मात्र नवी पद्धत मला फार सोयीची वाटली. फोनवर चित्रफीत पाहायची, मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचे. पूर्वी सगळ्यांना एकाच वेळी तासभर उभे करत असत म्हणे.

तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंनी मला सांगितले की प्रयोगाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी दाराशी उभे राहावे, न आलेल्यांच्या जागा तिथे देतात. त्यांची ती बत्तिसावी सफर होती. मी दोन्ही प्रयोग पाहिले. हे सांगण्याचे काम कंपनीचे होते, त्या बाईंचे नव्हे, असे मला आजही वाटते.

जहाजाच्या स्वागतकक्षात सात वर्षे काम केलेली

दोन्ही अनुभव वाचून बरे वाटले, कारण मी या दोघांच्या मधल्या काउंटरवर उभी असे. शेवटची दोन वर्षे माझ्याकडे केवळ नियमित सदस्यांचे काम होते. सफरीच्या आदल्या रात्री हाती यादी येई: कोणत्या पायरीचे किती, कुणाची मागच्या वेळी कोणती तक्रार होती, कुणाचा वाढदिवस आहे. यादीत वरच्या पायरीची नावे जास्त दिसली की आम्हाला कळे, या वेळी सदस्यांसाठीच्या समारंभाला मोठे सभागृह लागणार.

आतला हिशेब समजला तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. जहाज रिकामे जाऊ द्यायचे नाही, हा या धंद्याचा पहिला नियम आहे. भरणा मोजताना प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसे धरतात, त्यामुळे तिसरा-चौथा पलंग वापरला गेला की आकडा शंभर टक्क्यांच्याही वर जातो. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजाची क्षमता दोघांच्या हिशेबाने ५,६१० आहे आणि सगळे पलंग भरले तर सुमारे ७,६०० होते. शाळांच्या सुट्टीत हे पलंग नवी कुटुंबे भरतात. परंतु वसंतात आणि शरदात जहाजे कॅरिबियन आणि युरोप यांच्यामध्ये जा-ये करतात, तेव्हा अटलांटिकवर सलग सहा-सात दिवस किनारा दिसत नाही. त्या सफरी भरतात त्या जुन्याच प्रवाशांमुळे. शिवाय जुना प्रवासी पुढच्या सफरीची नोंदणी बहुधा जहाजावरच करून टाकतो, त्याला आणण्यासाठी जाहिरातीचा खर्च येत नाही.

नव्या प्रवाशाचे गणित वेगळे असते. तो किनाऱ्यावरच्या सहली कंपनीकडूनच घेतो, छायाचित्रे विकत घेतो, पेयांचे पॅकेज घेतो, वेगळे पैसे मोजावे लागतात त्या उपाहारगृहांत हौसेने जातो. जुन्याला या सगळ्याचे काय करायचे ते ठाऊक असते, म्हणून तो तुलनेने कमी खर्च करतो. त्यामुळे वरच्या कार्यालयात एक विभाग जुन्यांना जपा म्हणे आणि दुसरा विभाग नव्यांसाठी घसरगुंड्या बांधा म्हणे, आणि दोघांचे आदेश आमच्या एकाच काउंटरवर येऊन पडत.

काही सदस्य बोलण्याच्या आधी कार्ड काउंटरवर ठेवीत, पायरीचा रंग वर दिसेल असे. सुरुवातीला मला त्याचा राग येई. पुढे लक्षात आले की त्यांतले बरेचजण एकटे होते, जोडीदार गेलेला होता, आणि त्या कार्डावरच्या रात्रींपैकी निम्म्या त्या जोडीदाराबरोबर काढलेल्या होत्या. त्यानंतर मी कार्डाकडे पाहण्याआधी नाव घेऊन बोलायची सवय लावून घेतली. सवलत नाकारावी लागली तरी नावाने बोललेला माणूस सहसा चिडत नसे.

जेवणाच्या वेळेविषयी

ठरलेले टेबल, ठरलेली वेळ आणि तोच वाढपी, अशी पद्धत बहुतेक जहाजांवर वर्षानुवर्षे होती. लवकरची पंगत आणि उशिराची पंगत, दोनच पर्याय. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली हवे तेव्हा, हवे तिथे जेवण्याची मुभा देणारी पद्धत आणली आणि इतरांनाही हळूहळू काही ना काही लवचीकपणा स्वीकारावा लागला. लहान मुले बरोबर असताना आम्हाला या मोकळिकीचा फार उपयोग झाला, हे मी मनापासून सांगतो. आता मुले मोठी झाली आहेत आणि आम्ही मुद्दाम ठरलेले टेबल मागून घेतो. मागच्या सफरीत आमच्याबरोबर दोन नवी जोडपी होती. चौथ्या रात्री त्यांतल्या एकाने सांगितले की अनोळखी माणसांबरोबर बसण्याच्या भीतीने त्याने हे टेबल बदलून मागितले होते, आणि जागा नसल्यामुळे ते बदलून मिळाले नाही याचा त्याला आनंद आहे. दोन्ही पद्धती एकाच जहाजावर चालवणे स्वयंपाकघराला अवघड जात असणार, तरी त्या चालवाव्यात.

एकटीने प्रवास करणारी

केबिनचे दर दोघांवर बेतलेले असल्यामुळे एकट्याला बहुधा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. काही कंपन्या त्याबदल्यात जास्त गुण देतात, म्हणून माझी पायरी भराभर वाढली. २०१० मध्ये नॉर्वेजियन एपिक जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी १२८ छोट्या केबिन आणि त्यांच्यापुरते एक समाईक लाउंज केले गेले, तेव्हा कुणीतरी आपला विचार केला असे वाटले होते. जास्तीच्या गुणांपेक्षा मला असे लाउंज केव्हाही अधिक मोलाचे वाटते.

सांधेदुखी असलेल्या आईबरोबर जाणारी

सेवा कमी होतात तेव्हा त्या सगळ्यांच्या सारख्याच कमी होतात असे नाही. आमच्या कंपनीने केबिनची सफाई दिवसातून दोनदाऐवजी एकदा केली आणि सकाळ की संध्याकाळ ते निवडायला सांगितले. तरुणांना यात काहीच अडचण नाही. माझ्या आईला मात्र ओला टॉवेल वाकून उचलता येत नाही, बर्फाचे भांडे भरून आणता येत नाही, आणि रात्री पलंगाची चादर कुणी मागे सारून ठेवलेली नसली तर ती ओढणे तिच्या बोटांना जमत नाही. मी स्वागतकक्षात सांगितले, तर पायरी कोणती ते विचारले गेले. वरच्या पायऱ्यांना दोनदा सफाई चालू होती. वयाचा किंवा प्रकृतीचा रकाना त्या अर्जात नव्हता.

आमच्या केबिनची सफाई करणारा कर्मचारी, म्हणजे स्टुअर्ड, न सांगता संध्याकाळी दोन मिनिटे डोकावून जात असे. त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त केबिन आल्या होत्या, हे त्याने विचारल्यावरच सांगितले. माझा कंपनीवर राग आहे तो यासाठी: सेवा काढून घेतली कंपनीने आणि ती भरून काढली त्या मुलाने, स्वतःच्या विश्रांतीतून.

खर्चावर पायरी ठरवण्याविषयी

इथे कुणी अजून लिहिलेले नाही म्हणून मांडतो. कार्निव्हल या क्रूझ कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले की जून २०२६ पासून त्यांचा सदस्य-कार्यक्रम प्रवासाच्या दिवसांऐवजी खर्च केलेल्या पैशांवर चालेल आणि मिळवलेली पायरी मुदतीची असेल. विमान कंपन्यांनी हा रस्ता आधीच धरला होता. डेल्टा आणि युनायटेड या दोघींनीही २०१५ मध्ये अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर गुण द्यायला सुरुवात केली. वर लाउंजबाहेरच्या रांगेचा अनुभव आला आहे, त्यावर हाच उपाय आहे असे मला वाटते, कारण एकदा मिळालेली पायरी कायमची राहिली तर सदस्यांची संख्या वाढतच जाणार आणि लाउंज मात्र तेवढेच राहणार.

वरील मताला उत्तर (एकोणीस वर्षेवाले)

आपले गणित बरोबर आहे, तरीही मला हे पटत नाही. ज्यांनी वीस वर्षे आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये प्रवास केला आणि दरवर्षी त्यासाठी पैसे साठवले, त्यांना आता असे सांगणे की एका सुट्टीत मोठा सूट घेणारा माणूस तुमच्यापुढे उभा राहील, हे दिलेला शब्द मागे घेण्यासारखे आहे. नवे नियम नव्या सदस्यांना लावावेत. ज्यांनी जुन्या नियमांवर विश्वास ठेवून रात्री जमवल्या, त्यांची पायरी तशीच ठेवावी. सदस्य फार झाले असतील तर दुप्पट गुण वाटले कुणी, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

जुन्या जहाजाच्या दुरुस्तीनंतर

माझा अनुभव वस्तूंचा आहे. प्रवासी जहाजाच्या तळाची साधारणपणे पाच वर्षांत किमान दोनदा कोरड्या गोदीत, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, तपासणी करावी लागते. जहाज कोरड्या गोदीत गेले की त्याच वेळी आतली सजावटही बदलून घेतात. आमच्या आवडत्या जहाजावर सातव्या डेकवर वाचनालय होते: काचेची दारे असलेली चार कपाटे, समुद्राकडे तोंड केलेल्या सहा खुर्च्या, एका खुर्चीचा डावा हात झिजून गुळगुळीत झालेला. दुरुस्तीनंतर आम्ही गेलो तर तिथे भिंत होती आणि भिंतीत केबिनचे चार दरवाजे. जास्त केबिन म्हणजे जास्त भाडे, हे मला कळते. पण पुस्तके कुठे गेली ते स्वागतकक्षात कुणालाच सांगता येईना.

मी सफर संपल्यावरच्या प्रश्नावलीत लिहिले, शिवाय वेगळे पत्रही पाठवले. त्यात पायरीचा उल्लेख मुद्दाम केला नाही. उत्तर ठरावीक साच्याचे आले. दीड वर्षाने त्याच जहाजावर पुन्हा गेलो, तेव्हा मागच्या जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत चारांपैकी दोन कपाटे उभी होती आणि त्यांच्यासमोर एक लांब टेबल ठेवले होते. माझ्या पत्रामुळे झाले की आणखी कुणाच्या, मला माहीत नाही. त्या टेबलावर पहिल्यांदाच जहाजावर आलेल्या एका कुटुंबातली दोन मुले हजार तुकड्यांचे चित्र जुळवत बसली होती, आणि त्यांनी मला आकाशाचे तुकडे वेगळे काढायला बसवले.