नवशिक्याच्या मानेवर हौशी माणसाचा संच कशाला?

मानेचा मालक : 'दुधारी' यांनी परवा याच मंचावरच्या लेखात लिहिले की, दाढीनंतर ज्यांच्या त्वचेची आग होते त्यांनी बहुपाती रेझर फेकून द्यावा आणि एकदाच 'चांगला संच' घ्यावा. संच असा : म्यूले या जर्मन कंपनीचा, एकच सुटे पाते बसणारा उघड्या दात्यांचा आर४१ रेझर, फेदर कंपनीची पाती, बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश, चंदनाच्या वासाचा साबण, तुरटीची वडी आणि अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह. त्याखाली 'धन्यवाद, मागवले' असे लिहिणारे तिघे दिसले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

एका पात्याने अशा त्वचेचे भले होऊ शकते, हे मला मान्य आहे. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस वर ओढते आणि मागचे पाते तो त्वचेच्या पातळीखाली कापते. केस कुरळा असला की तो वाढताना आतल्या आत वळतो आणि तिथे पुळी उठते. परंतु त्यावरचा उपाय आर४१ कसा असू शकतो? त्यात पाते इतके उघडे राहते की, सराईत माणूसही तो जपून धरतो. म्यूलेचाच बंद दात्यांचा आर८९ किंवा मर्कुर कंपनीचा ३४सी हे त्यामानाने पुष्कळ मवाळ आहेत. फेदरच्या धारेबद्दल तर वादच नाही, पण ज्याला अजून रेझर धरण्याचा कोन साधत नाही त्याच्या हातात ती धार म्हणजे चुकीला माफी नाही.

मी तीन वर्षांपूर्वी अशाच एका यादीवर विसंबून सगळ्या वस्तू एकदम आणल्या. चौथ्या दिवशी मान इतकी सोलवटली की, सदऱ्याचे वरचे बटण लावता येईना, आणि घात नेमका कोणी केला हे कळायला मार्गच नव्हता. पुढे एकेक वस्तू बाजूला ठेवत गेल्यावर दोषी निघाला साबणातला सुगंध. रेझर बिचारा निर्दोष होता. त्यामुळे माझे म्हणणे एवढेच आहे की, महिन्याला एकच गोष्ट बदलावी आणि तीही बिनवासाच्या क्रीमपासून सुरू करावी.

दुधारी : आपली मान सोलवटली याचे वाईट वाटले, मात्र त्याचे खापर माझ्या यादीवर फुटावे हे नवलच आहे. रेझर त्वचेशी सुमारे तीस अंशांत धरावा आणि दाब देऊ नये, रेझरचे वजन पुरेसे असते, हे मी त्याच लेखात दोनदा लिहिले होते. बहुपाती रेझरची बाजू घेणाऱ्यांना मी एकच विचारतो : १९७१ साली जिलेटच्या ट्रॅक टू ने दोन पाती आणली, १९९८ साली मॅक थ्री ने तीन, २००६ साली फ्यूजनने पाच. या काळात कोणाचे गाल वाढले?

साधा माणूस : गाल वाढले नाहीत, पण यादीतल्या वस्तू मात्र वाढल्या. जिलेटनेच भारतासाठी २०१० साली आणलेल्या गार्ड रेझरची किंमत पंधरा रुपये होती आणि त्यात पाते एकच होते. म्हणजे एका पात्याचा फायदा हवा असेल तर जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. मी तोच वापरतो, पाच-सहा दाढ्यांनंतर पाते बदलतो, आणि माझ्या मानेवर काही उठत नाही. हौस म्हणून दुधारी रेझर घ्यायला माझी हरकत नाही. तिला औषधाचा मुलामा देऊ नये.

दुधारी : पंधरा रुपयांच्या प्लास्टिकची तुलना धातूच्या रेझरशी करणाऱ्याशी काय बोलावे?

साधा माणूस : बोलू नका, पण माझ्या मानेचे छायाचित्र हवे असल्यास पाठवतो.

बोअरग्रस्त : आपण दोघेही रेझरवर भांडता आहात आणि मूळ दुखणे नळात आहे. आमच्या सोसायटीत सहा महिने बोअरचे आणि उरलेले टँकरचे पाणी येते. त्या पाण्यात साबण कितीही घोटला तरी फेस धरत नाही. वाटीत पांढरा चोथा जमतो आणि गालावर कोरडे पाते फिरते. सोसायटीच्या बैठकीत हा विषय मी तीनदा मांडला, तेव्हा सचिवांनी मला दाढी वाढवण्याचा सल्ला दिला. आता मी मगातल्या पाण्यात तुरटी फिरवतो, त्याने थोडा फरक पडल्यासारखा वाटतो.

निवृत्त मास्तर : वाटतो, पडत नाही. तुरटीने गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, दुष्फेन पाणी सुफेन होत नाही. आठवा, शाळेत हे शिकवले होते. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून अविद्राव्य साका तयार करतात; तोच तुमचा पांढरा चोथा. दुष्फेनता बायकार्बोनेटमुळे असेल तर पाणी उकळून, निववून, वरचे घेतल्यास काम भागते. क्लोराइड किंवा सल्फेटमुळे असेल तर उकळून उपयोग नाही, तिथे धुण्याचा सोडा लागतो.

बोअरग्रस्त : मास्तर, उत्तम. उद्यापासून दाढीच्या मगात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकतो.

मानेचा मालक : कृपा करून असे काही करू नका! धाग्याचे शीर्षक संवेदनशील त्वचेबद्दल आहे आणि आपण तिच्यावर कपडे धुण्याचा क्षार घालायला निघालात. मास्तरांनीही ते वाक्य तिथेच सोडून द्यायला नको होते.

निवृत्त मास्तर : मी पाण्याचे रसायन सांगितले, गालाचे नव्हे. वाचणाऱ्याने मधला विचार स्वतः करायचा असतो. तरीही स्पष्ट लिहितो : सोडा कपड्यांसाठी.

दुधारी : स्वयंपाकघरातल्या आरओचे पेलाभर पाणी घ्या, एवढा साधा उपाय आहे. ब्रश त्यात भिजवा, फेस त्यातच करा, आणि तोंड खुशाल बोअरच्या पाण्याने धुवा.

बोअरग्रस्त : आरओ यंत्र पेलाभर पाणी देताना त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते, याची आपल्याला कल्पना आहे का? आमच्याकडे टँकरच्या पाण्याचा हिशेब बादलीवर होतो. दाढीसाठी आरओ ही शहराच्या सुखवस्तू भागातली कल्पना आहे.

दुधारी : मग ते सोडलेले पाणी बादलीत धरा आणि फरशी पुसा. प्रत्येक उपायाला नाक मुरडायचे असेल तर सचिवांचा सल्ला वाईट नव्हता.

कात्री-कंगवा : माझे सलून आहे आणि वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या दाढ्या करतो, म्हणून चार शब्द. गिऱ्हाईक आले की आम्ही आधी दाढी भिजवतो, आणि तिथेच अर्धे काम होते. घरी माणूस तोंडावर दोन हबके मारतो आणि लगेच पाते लावतो. दुसरे म्हणजे मानेवरचा केस सगळीकडे खालीच वाढतो असे नाही; कोणाचा आडवा, कोणाचा कानाकडे जातो. दोन दिवसांचे खुंट वाढू द्यावेत आणि बोट फिरवून दिशा पाहावी. ज्याच्या मानेवर पुळ्या आहेत त्याला मी केसांच्या दिशेविरुद्ध उलटा हात मारत नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी. गुळगुळीत हवे म्हणून भांडून गेलेली गिऱ्हाइके आठ दिवसांनी मान दाखवायला परत येतात. तुरटी मी वापरतो, पण ती जिथे झोंबते तिथे हात जड पडला असे समजतो; ती धुवून टाकतो, कारण तशीच ठेवली तर त्वचा ताणते. ब्रशबद्दल म्हणाल तर कृत्रिम केसांचा मऊ ब्रश लवकर वाळतो आणि स्वस्त पडतो. बॅजर कशाला?

साधा माणूस : म्हणजे यादीतील सहापैकी पाच वस्तू बाद झाल्या.

दुधारी : चार. तुरटी राहिली, आणि फेदर मी सोडणार नाही. कात्री-कंगवा यांच्या अनुभवापुढे आर४१ मागे घेतो आणि लेखात आर८९ करतो. आफ्टरशेव्हच्या जागी बिनवासाचे मॉइश्चरायझर लिहितो. ज्या तिघांनी मागवले आहे त्यांनी अजून खोके उघडले नसेल तर परत पाठवावे. मानेचा मालक यांना आता आनंद झाला असेल.

मानेचा मालक : झाला. फेदरच्या ओळीत 'तीन महिन्यांनंतर' एवढे शब्द घातलेत तर अधिक होईल.

दुधारी : 'दोन महिन्यांनंतर' घालतो.

बोअरग्रस्त : उकळून निववलेल्या पाण्याने आज फेस धरला. मास्तरांचे आभार. मात्र घरच्यांनी विचारले आहे की, दाढीसाठी रोज जळणाऱ्या गॅसचे पैसे कोण देणार.