अंगणासाठी आणि बागेसाठी दिवे कसे निवडावेत?

प्रश्न
गंगापूर रोड परिसरात आमचे बैठे घर आहे. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सुमारे ४० फुटांची फरशीची वाट असून तिच्या एका बाजूला पारिजातक, तर दुसऱ्या बाजूला आईने जपलेला शेवंतीचा वाफा आहे. तिन्हीसांजेला आई तुळशीपाशी दिवा लावायला जाते तेव्हा तिला पायऱ्यांचा अंदाज येत नाही, याची मला फार काळजी वाटते. दुकानदार ५० वॅटचा पांढरा फ्लडलाइट सुचवतात. तो घ्यावा, की सौर दिवे पुरतील?

उत्तर १
फ्लडलाइट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरून झोत आला की वयस्कर डोळे दिपतात आणि पायरीची कड आणखीच हरवते. त्याऐवजी प्रत्येक पायरीच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, उजेड फक्त जमिनीवर पडेल असे ३ वॅटचे झाकलेले एलईडी दिवे बसवावेत. रंग २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर असावा. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे अधिक येतात.

उत्तर २
दिव्यापेक्षा वायरिंगकडे आधी लक्ष द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. पावसात भिजणारा दिवा किमान आयपी ६५ दर्जाचा (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आणि जमिनीत पुरायचा असल्यास आयपी ६७ दर्जाचा घ्यावा. एमसीबी (विजेच्या पेटीतला सुरक्षा-खटका) जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो, पण ओल्या जागी माणसाला धक्का देऊ शकणारी विजेची बारीक गळती त्याला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अशी गळती होताच वीज तोडणारा खटका) आणि चांगले अर्थिंग हवेच. वाफ्याजवळ १२ व्होल्टचे दिवे लावणे अधिक सुरक्षित ठरते. केबल पाइपातून न्यावी, नाहीतर खुरपणी करताना ती कापली जाते.

उत्तर ३
शेवंतीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. तिला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड अंधाराची रात्र लागते. वाफ्यावर रात्रभर उजेड राहिला तर फुले लांबतात. म्हणून दिव्यांची तोंडे वाटेकडे ठेवावीत आणि टायमर लावावा. सौर दिवे उन्हाळ्यात शोभेपुरते ठीक आहेत. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असताना बॅटरी पुरती भरत नाही, त्यामुळे पायऱ्यांसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. फ्लडलाइट रद्द केला आहे. वायरमनला उद्या बोलावून आधी आरसीसीबी बसवून घेतो, मग पायऱ्यांचे दिवे. शेवंतीचे आईला सांगितले, तेव्हा तिने वाफ्याकडची बाजू अंधारीच ठेवायला सांगितली.