अंडाशयाच्या कर्करोगाच्या अहवालात रक्तवाहिन्यांची घनता लिहावी का?

पॅथॉलॉजिस्ट, धंतोली:
माझ्या मते गाठीतील ही घनता, म्हणजे ठरावीक जागेत किती बारीक वाहिन्या आहेत हा आकडा, नियमाने लिहावी. स्वतःचा रक्तपुरवठा उभा केल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरील सीडी-३४ हे प्रथिन रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की निळसर पेशींच्या गर्दीत तपकिरी कडांच्या बारीक वाहिन्या इतक्या ठळक दिसतात, की केवळ प्रकार आणि श्रेणी लिहून सही करणे मला अपुरे वाटते.

शल्यचिकित्सक, रामदासपेठ:
वाहिन्या दिसतात, याबद्दल वाद नाही. वाद मोजणीचा आहे. सर्वांत दाट जागा निवडून मोजायचे म्हटले, तर दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्याच काचेवर वेगळी जागा निवडतो आणि आकडा बदलतो. घनता जास्त म्हणजे आयुष्य कमी, असे काही अभ्यासांत दिसले, तर काहींत मुळीच दिसले नाही. रोगाचा टप्पा आणि शस्त्रक्रियेनंतर पोटात किती गाठ उरली, यांवर मी अधिक विसंबतो.

रुग्णाची मुलगी, महाल:
आईच्या पोटात पाणी साठत गेले, तेव्हा परकराची नाडी रोज थोडी सैल करावी लागे. गाठीतून सुटणारे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन नव्या वाहिन्या वाढवते आणि असलेल्या वाहिन्या झिरपत्या करते, असे डॉक्टरांनी समजावले. मग हे प्रथिन रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध द्यायचे की नाही, हे या आकड्यावरून ठरेल का? त्याच्या खर्चासाठी आम्हाला शेत विकायचा विचार करावा लागला होता.

शल्यचिकित्सक, रामदासपेठ:
ताई, आज तरी ठरत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीओजी-२१८ चाचणीत हे औषध केमोथेरपीसोबत आणि नंतरही चालू ठेवल्यावर रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ १०.३ वरून १४.१ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुर्मान वाढले नाही. आयकॉन-७ या दुसऱ्या चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांचे आयुष्य वाढले. मात्र तो गट टप्पा आणि उरलेली गाठ पाहून ठरवला होता, वाहिन्या मोजून नव्हे.

पॅथॉलॉजिस्ट, धंतोली:
हे मान्य आहे. तरीही आपण मोजलेच नाही, तर उद्या पडताळणार कशावर? दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे आणि उपचार त्यावरून ठरवू नयेत, असे मी सुचवतो.

शल्यचिकित्सक, रामदासपेठ:
मग तो आकडा संशोधनाच्या नोंदवहीत राहू द्या, रुग्णाच्या हाती देऊ नका; नाहीतर ताईंचा प्रश्न घरोघरी विचारला जाईल आणि आपल्याकडे उत्तर नसेल.