कोळशाची ‘पार्यता’ वाढवायची की वायूला वाट करून द्यायची?

शब्दवेल्हाळ: चीनमधल्या कोळसाखाणींवरचा एक तांत्रिक लेख मराठीत आणते आहे. थरात अडकलेला मिथेन हा ज्वलनशील वायू खणायच्या आधी काढून घ्यायचा असतो, पण कोळसा इतका घट्ट की वायू बाहेर येतच नाही. मग थरात लांब भोक पाडतात, त्यात द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरलेली पोलादी नळी सरकवतात आणि आतला तापक पेटवतात. दाब वाढला की नळीतली चकती फाटते, वायू उसळून बाहेर येतो आणि आजूबाजूच्या कोळशाला तडे जातात. कार्बन डायऑक्साइड स्वतः जळत नाही, म्हणून मिथेन असलेल्या खाणीत सुरुंगापेक्षा हे बरे. अडले आहे ते सीम, फ्रॅक्चरिंग आणि पर्मिएबिलिटी या शब्दांवर. संगणकाने मला ‘कोळशाच्या शिवणीचे अस्थिभंग’ दिले. हसून झाले, आता मदत करा.

पोथीनिष्ठ: सीमला ‘थर’, त्यात वाद नको. पर्मिएबिलिटीला, म्हणजे पाणी-वायू आरपार जाऊ देण्याच्या गुणाला, ‘पार्यता’. भूजलावरच्या मराठी लेखनात पार्य खडक, अपार्य खडक केव्हाचे रुळलेत, आणि शाळेच्या पुस्तकातले ‘पारपटल’ही त्याच घरातले. फ्रॅक्चरिंगला ‘विभंजन’ करा. ‘विभंग’ मात्र नको, भूशास्त्रात तो फॉल्टकडे, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या भेगेकडे, गेला आहे.

वणीकर: विभंजन म्हटल्यावर खदानीतला एकही माणूस मान वर करून बघणार नाही. (थरालाही आम्ही सीमच म्हणायचो, पण ते असो.) ‘फोडणे’सुद्धा नको. कोळसा फोडणे म्हणजे आई शेगडीसाठी हातोडीने ढेकळं फोडायची ते. इथे कोळसा जागच्या जागी राहतो, फक्त तडकतो. उकळता चहा ओतल्यावर काचेचा ग्लास तडकतो तसा. म्हणून ‘थर तडकवणे’.

आणि तडा, भेग, चीर यांची सरमिसळ करू नका. भेग पडते ती वाळून, सावकाश, टाचेला नाहीतर उन्हाळ्यात काळ्या रानाला. तडा जातो तो एका क्षणात. चीर बारीक. कोळशात मुळातच एकमेकींना साधारण काटकोनात छेदणाऱ्या चिरा असतात. ढेकूळ हातात घेऊन उजेडात फिरवा, दिसतील. त्यामुळेच तो असा चौकोनी चौकोनी सुटतो. नवे तडे या जुन्या चिरांना जाऊन मिळाले की मिथेनला रस्ता सापडतो.

शब्दवेल्हाळ: ‘तडकवणे’ घेतला. पण ‘पार्यता’ वाचून लोक अडखळतील असे वाटते. ‘सच्छिद्रता वाढवणे’ चालेल का? निदान कळतो तरी.

पोथीनिष्ठ: कळतो, पण चुकीचा कळतो! थर्माकोलमध्ये पोकळ्याच पोकळ्या, तरी पाणी आरपार जात नाही. माठाच्या मातीतली छिद्रं एकमेकांना जोडलेली, म्हणून तो पाझरतो. सच्छिद्रता म्हणजे जागा किती, पार्यता म्हणजे वाट कशी. कोळशात अतिसूक्ष्म छिद्रं भरपूर आहेत आणि बहुतेक मिथेन त्यांच्याच भिंतींना चिकटून बसलेला असतो. त्या चिकटण्याला ‘अधिशोषण’ म्हणायचे, नुसते ‘शोषण’ नव्हे. कमतरता आहे ती वाटेची. ती वाट मोजायचे एकक ‘डार्सी’. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता हेन्री डार्सी याने वाळूतून पाणी किती वेगाने जाते ते मोजून १८५६ साली नियम मांडला, त्याच्या नावावरून. कोळशाच्या बाबतीत हिशेब त्याच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिडार्सीत चालतो, आणि चीनमधले कित्येक थर एका मिलिडार्सीच्याही खाली आहेत. चिनीत ‘पार्यता वाढवणे’ याला दोन अक्षरांचा शब्द आहे, पहिल्याचा अर्थ वाढवणे, दुसऱ्याचा आरपार जाणे. आपण मात्र अजून चर्चाच करतोय.

वणीकर: चर्चेला पैसे पडत नाहीत. पण लेखात एक गोष्ट सुटली आहे का बघा. कार्बन डायऑक्साइड कोळशाला मिथेनपेक्षा जास्त घट्ट चिकटतो. मिथेनला हुसकावून स्वतः बसतो हे चांगलेच, पण त्याने कोळसा फुगतो आणि चिरा आवळल्या जातात. जपानात होक्काइडोवरच्या युबारीला २००४ ते २००७ मध्ये हा वायू थरात सोडत होते, तेव्हा हेच झाले. मधे नायट्रोजन सोडून पाहिला, थोडे दिवस वाट मोकळी झाली, पुन्हा कार्बन डायऑक्साइड आला की परत आवळली.

शब्दवेल्हाळ: लेखात ‘स्वेलिंग’ आहे खरे, मी ‘सूज’ लिहिले होते!

वणीकर: कोळशाला सूज? त्याला काय गांधीलमाशी चावली? पावसाळ्यात दार फुगते आणि चौकटीत अडकते, तेच हे. ‘फुगणे’ लिहा.

पोथीनिष्ठ: ‘फुगवटा’ही नको, तो धरणाच्या पाण्याचा. आणि पुढे सुपरक्रिटिकल आले असेल, ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरणे दाबाच्या वरची अवस्था, तर त्याला ‘अतिक्रांतिक’.

शब्दवेल्हाळ: अतिक्रांतिक वाचून कोणालाही क्रांतिकारकच आठवतील. ‘ना धड द्रव, ना धड वायू अशी अवस्था’ असे एकदा फोडून लिहिते, मग तुमचा शब्द वापरते. पहिले वाक्य असे झाले: ‘द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या धक्क्याने थर तडकवला, की मिथेनला वाट मिळते, याला थराची पार्यता वाढणे म्हणतात.’

वणीकर: ‘म्हणतात’च्या आधीपर्यंत झकास.